६२ अ‍ॅड-ऑनवरून ९ वर: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला माझा अनुभव

२०१६ च्या सप्टेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचा ‘लीजन’ हा नवा भाग नुकताच आला होता. गिल्ड म्हणजे कायम एकत्र खेळणारा गट, रेड म्हणजे अशा गटाने मिळून मोठ्या शत्रूंशी करायची लढाई. आमच्या गिल्डच्या रेडमध्ये मला पहिल्यांदाच हीलरची, म्हणजे साथीदारांना बरं करणाऱ्याची, जागा मिळाली होती. रेड एमराल्ड नाइटमेअरची, पहिला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, निथेन्ड्रा. आमचं गिल्ड युरोपच्या सर्व्हरवर. त्यांची रात्री आठची वेळ म्हणजे ठाण्यात साडेअकरा. घरचे झोपले होते. मी हेडफोन लावून, पाण्याची बाटली शेजारी ठेवून बसले होते.

आदल्या रविवारी गिल्डमधल्या एका जुन्या खेळाडूने त्याचं अ‍ॅड-ऑनचं अख्खं फोल्डर मला पाठवलं होतं. आत ६२ अ‍ॅड-ऑन. हे म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेले, गेमच्या पडद्यावर जास्तीची माहिती आणि बटणं दाखवणारे छोटे प्रोग्राम. मी ते फोल्डर जसंच्या तसं टाकलं आणि पडदा एकदम भारी दिसायला लागला. कडेला आकडे, मध्यभागी गोल फिरणारी चिन्हं, खाली चार रांगांत बटणं. त्या रात्री आम्ही निथेन्ड्रापुढे चार वेळा वाइप झालो, म्हणजे सगळेच्या सगळे मेलो. त्यातल्या तीन वेळा सगळ्यात आधी मेले ती मीच. माझी नजर पट्ट्या आणि आकड्यांवर खिळलेली आणि पायाखाली किडलेल्या जमिनीचा डाग पसरत होता. तो डाग गेम स्वतःच स्पष्ट दाखवत होता. नेमका त्याच्यावर माझ्या पडद्यातला एक मोठा चौकोन बसला होता.

नव्याने गेममध्ये येणारे विचारतात, ‘कुठले अ‍ॅड-ऑन टाकू?’ तेव्हा मला तो चौकोन आठवतो. म्हणून नावांची यादी देण्याआधी मी निवड कशी केली ते सांगते.

दुसऱ्या दिवशी मी गेमच्या फोल्डरमधल्या ‘इंटरफेस’ आणि ‘डब्ल्यूटीएफ’ या दोन फोल्डरांची नावं बदलली. पहिल्यात अ‍ॅड-ऑन असतात, दुसऱ्यात त्यांच्या आणि तुमच्या सेटिंग. नाव बदललं की गेम नवी कोरी फोल्डर तयार करतो आणि तुमचं जुनं सगळं शाबूत राहतं. काहीही बिघडलं तर हाच पहिला उपाय, तो पाठच करून ठेवा. मग आठवडाभर मी नुसत्या मूळ इंटरफेसवर खेळले. शेजारी शाळेच्या वहीसारखी एक वही. जिथे अडले तिथे एक ओळ लिहायची, एवढंच काम.

आठवड्याच्या शेवटी वहीत अकरा ओळी होत्या. ‘माझं रिजुव्हनेशन (हळूहळू बरं करणारा मंत्र) कोणावर किती सेकंद उरलंय ते पटकन दिसत नाही.’ ‘बॉस आता काय करणार ते कळेपर्यंत उशीर होतो.’ ‘पिशव्या पाच, औषधाची बाटली नेमकी सहाव्यांदा शोधल्यावर सापडते.’ ‘मंत्र पूर्ण झाला असं वाटतं पण उशिरा लागतो.’ ६२ अ‍ॅड-ऑनपैकी चाळिसेकांचा या अकरा ओळींशी काहीच संबंध नव्हता. ते दुसऱ्या कोणाच्या तरी वहीची उत्तरं होती. ज्याने मला फोल्डर दिलं तो टँक होता, म्हणजे पुढे राहून शत्रूचा मार झेलणारा. त्याला शत्रूच्या डोक्यावरच्या पट्ट्या महत्त्वाच्या, मला माझ्या वीस साथीदारांच्या.

त्यातल्या दोन ओळी तर गेमच्या सेटिंगमध्येच सुटल्या. गेममध्ये आधीच काय आहे हे नवखे लोक बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. गेम २००४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा मूळ इंटरफेस खरंच तोकडा होता. पण पुढे लोकांनी अ‍ॅड-ऑन लिहायचे आणि त्यातलं चांगलं ते गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने गेममध्ये घ्यायचं, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. क्वेस्टची (गेममध्ये मिळणाऱ्या कामगिरीची) जागा नकाशावर दाखवणं, कपड्यांचे संच जपून ठेवणं, माउसच्या क्लिकवर मंत्र बांधणं, या सगळ्यांसाठी एके काळी वेगळं काहीतरी टाकावं लागायचं. २०२२ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’ या भागाच्या वेळी एडिट मोड आला आणि पडद्यावरची बहुतेक प्रत्येक गोष्ट ओढून हवी तिथे नेता यायला लागली. एस्केप दाबा, एडिट मोड उघडा आणि त्यात अर्धा तास घालवा. तुमच्या यादीतले तीन-चार अ‍ॅड-ऑन तिथेच गळतील.

आता माझ्या निवडीबद्दल. साथीदारांचा जीव किती उरलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्यांसाठी मी वुहडू घेतलं. हीलबॉट आणि ग्रिड हे त्याचे जुने सोबती, तिन्ही चांगले. मला वुहडू पटलं कारण प्रत्येकाच्या पट्टीच्या कोपऱ्यात माझ्या रिजुव्हनेशनचे उरलेले सेकंद दिसायचे आणि डिबफ, म्हणजे शत्रूने लावलेला त्रासदायक परिणाम, आला की पट्टीचा रंग बदलायचा. माझं पात्र ड्रुइड, त्याला हेच हवं असतं. प्रीस्ट या दुसऱ्या प्रकारच्या हीलरला वेगळं हवं असेल. सेटिंग लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातली पहिली संध्याकाळ सेटिंग काढून टाकण्यात गेली, कारण सुरुवातीला तेही वीस गोष्टी दाखवतं. ज्या डिबफबद्दल मी काही करू शकत नाही तो मला दिसायलाच नको, हा नियम केल्यावर पट्ट्या शांत झाल्या आणि पडद्याच्या मधल्या भागाकडे बघायला डोळे मोकळे झाले.

बॉसच्या इशाऱ्यांसाठी डेडली बॉस मॉड्स किंवा बिगविग्ज. दोन्ही एकत्र ठेवू नका, एकाच गोष्टीचे दोन भोंगे वाजतात. मी बिगविग्ज ठेवलं. त्याच्या जोडीला जीटीएफओ, जे वाईट जागी पाय पडला की आवाज करतं. निथेन्ड्रानंतर ते टाकायला मला कोणी सांगावं लागलं नाही. आवाजाचं महत्त्व मला त्याच्यामुळे कळलं. डोळे एका वेळी एकाच जागी असतात, कान रिकामेच असतात.

मंत्र उशिरा लागण्याची ओळ आपल्याकडच्या खेळाडूंसाठी जास्त महत्त्वाची आहे. भारतात या गेमचे सर्व्हर नाहीत. आपण युरोप, अमेरिका किंवा सिडनीतल्या ओशनिक सर्व्हरवर खेळतो. ठाण्यातून युरोपला माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या पुढेच असतो. गेमच्या मुख्य मेनूच्या बटणावर माउस नेला की तुमचा आकडा दिसतो. क्वार्ट्झ नावाचं अ‍ॅड-ऑन मंत्राच्या पट्टीच्या शेवटी लाल भाग दाखवतं. तो भाग म्हणजे तुमचा पिंग, पट्टी तिथे पोचली की पुढचा मंत्र दाबायला हरकत नाही. खरं तर गेम स्वतःच चालू मंत्र संपायच्या आधी ४०० मिलिसेकंदांपर्यंत दाबलेलं बटण रांगेत धरून ठेवतो, त्यामुळे क्वार्ट्झ नसलं तरी आधी दाबायची सवय लागू शकते. मला मात्र तो लाल तुकडा डोळ्यांनी बघितल्यावरच विश्वास बसला. सहा महिन्यांनी मी क्वार्ट्झ काढलं तेव्हा बोटांना सवय झाली होती.

बाकीचे पटकन सांगते. पिशव्या एकत्र दाखवायला बॅगनॉन, लिलावघरात खरेदी-विक्रीला ऑक्शनेटर, वनस्पती आणि खनिजं कुठे मिळाली ते नकाशावर जपून ठेवायला गॅदरमेट. लिलावासाठी ट्रेडस्किलमास्टर खूप ताकदवान आहे, पण सोनं कमावणं हाच तुमचा खेळ असेल तरच त्याच्या वाटेला जा. क्लासिकमध्ये, म्हणजे गेमच्या २००४ च्या काळातल्या जुन्या रूपात, खेळत असाल तर क्वेस्टी घ्या, तिथे मूळ गेम क्वेस्टची जागा दाखवतच नाही. काहींना तीच शोधाशोध आवडते, तर तेही ठीक. टॉमटॉम नकाशावरच्या खुणेकडे बाण दाखवतं. आता गेममध्येच पिन टोचता येते, म्हणून माझ्याकडे ते नाही.

डिटेल्सबद्दल थोडं सावध करते. कोणी किती मार दिला, कोणी किती हील केलं, हे ते मोजतं. शिकायला उत्तम. एखादी लढाई हरल्यावर कोणाचा मृत्यू कशाने झाला ते त्यात उघडून बघा, मी निम्मं खेळणं तिथून शिकले. पण लढाई चालू असताना ती खिडकी मी बंद ठेवते. हीलर आकड्यात वर यायला बघू लागला की जो मरणार नव्हता त्याच्यावर मंत्र खर्च होतात आणि जो मरणार होता तो मरतो.

नववं म्हणजे बगसॅक, सोबत त्याला लागणारं बगग्रॅबर. एखादं अ‍ॅड-ऑन चुकलं तर कुठलं आणि कुठे, ते हे टिपून ठेवतं. नवीन पॅच आल्यावर याची खरी किंमत कळते. प्रत्येक अ‍ॅड-ऑनमध्ये टीओसी नावाची छोटी फाइल असते, तिच्यात ते गेमच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे याचा आकडा लिहिलेला असतो. ७.२.० साठी ७०२००, अशा पद्धतीने. गेम पुढे गेला आणि आकडा मागे राहिला की यादीत ते कालबाह्य दिसतं. कालबाह्य अ‍ॅड-ऑनही चालू द्या, अशी एक खूण तिथे करता येते आणि बऱ्याचदा ते नीट चालतंही. पण पॅचच्या रात्री रेड असेल तर मी फक्त बिगविग्ज आणि पट्ट्या तपासून बाकी सगळं बंद ठेवते. दोष सापडत नसेल तर निम्मे अ‍ॅड-ऑन बंद करा, चॅटमध्ये स्लॅश देऊन इंग्रजीत रीलोड लिहा आणि बघा. दोष गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यात. पुन्हा त्याचे निम्मे. चाळीस अ‍ॅड-ऑन असले तरी सहा फेऱ्यांत चोर सापडतो.

अ‍ॅड-ऑन कुठून घ्यायचे? मी कर्सफोर्जवरून घेते. अ‍ॅड-ऑन म्हणजे लुआ भाषेतल्या फाइली, थोडी चित्रं, थोडे आवाज. त्यात चालवायची एक्झे फाइल कधीच नसते. डाउनलोडमध्ये तशी फाइल दिसली तर ती उघडू नका, लगेच पुसून टाका. तसंच, कोणी गोड बोलून चॅटमध्ये एखादी आज्ञा टाकायला सांगितली तर टाकू नका. मी सुरुवात केली त्याच २०१६ मध्ये अशी फसवणूक चालली होती. एक छोटी ओळ टाइप केली की समोरच्याचे चॅटमधले शब्द तुमच्या गेममध्ये आज्ञा म्हणून चालायचे आणि तुमचं सोनं जायचं. त्यानंतर ब्लिझर्डने अशा आज्ञांआधी धोक्याची सूचना द्यायला सुरुवात केली. ती वाचा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत हवी. अ‍ॅड-ऑनने किती करायचं, यावर या गेममध्ये पहिल्यापासून ओढाताण आहे. सुरुवातीच्या काळात डिकर्सिव्ह एकच बटण दाबत राहिलं की शापित साथीदार स्वतःच शोधून त्याचा शाप उतरवायचं. २००६ च्या डिसेंबरात २.० आवृत्तीने ते थांबवलं. कोणावर कुठला मंत्र टाकायचा हे लढाईत अ‍ॅड-ऑनने ठरवायचं नाही, माणसानेच ठरवायचं. आता ‘मिडनाइट’ या नव्या भागासोबतच्या १२.० आवृत्तीत ब्लिझर्ड आणखी पुढे गेलं. लढाईतली बरीच माहिती अ‍ॅड-ऑनला दाखवता येते, पण तिच्यावरून हिशेब करून निर्णय सांगता येत नाही. वीकऑराज, म्हणजे लढाईत हवी ती चिन्हं आणि इशारे दाखवणारं अ‍ॅड-ऑन, बनवणाऱ्यांनी मिडनाइटसाठी त्याची आवृत्ती न आणण्याचं जाहीर केलं. बॉसच्या इशाऱ्यांची टाइमलाइन आणि मार मोजायचं साधन गेमनेच दिलंय. तेव्हा जुन्या मार्गदर्शनात ‘वीकऑराज हवंच’ असं वाचलंत तर ते कुठल्या साली लिहिलंय ते आधी बघा.

मला हा बदल मनापासून पटला, पण एक काळजी आहे. आमच्या गिल्डमधल्या एका काकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. ते वर्षानुवर्षं वीकऑराजमधल्या मोठ्या पिवळ्या चौकोनांवर खेळत आले. त्यांच्यासाठी ते अ‍ॅड-ऑन म्हणजे चष्मा होता. गेल्या महिन्यात दोन संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून गेमच्या स्वतःच्या सेटिंगमधून रंग आणि आवाज लावले. बरंचसं जमलं, सगळं नाही.

१२.० आल्यावर मी ‘इंटरफेस’ फोल्डरचं नाव पुन्हा बदललं आणि नवी वही काढली. आतापर्यंत चार ओळी झाल्यात. पहिली अशी: ‘बॉसची टाइमलाइन नजरेच्या बाहेर आहे.’ ती एडिट मोडमध्ये ओढून माझ्या पट्ट्यांच्या वर आणून ठेवली आणि ओळीवर काट मारली.