अशोक सराफ नीट बघायचे असतील तर कुठून सुरुवात करायची

ज्यांना अशोकमामा म्हणजे धनंजय मानेचे मीम एवढंच माहितीये त्यांच्यासाठी लिहितोय. बनवाबनवी (1988) मस्तच आहे, वाद नाही, पण तो तुमचा तसाही पाठ असणार, टीव्हीवर लागला की कोण चॅनल बदलतं? सध्या तो बाजूला ठेवा.

पहिला लावा पांडू हवालदार (1975). पिक्चर दादा कोंडक्यांचा, सगळा कारभार दादांचा, आणि तरी हा सखाराम हवालदार त्यांच्या शेजारी उभा राहून भाव खाऊन जातो. मामा तेव्हा स्टेट बँकेत नोकरी करत होते आणि नाटकात आधीच मुरलेले, त्यांचे स्वतःचे मामा गोपीनाथ सावकार रंगभूमीवरचे, त्यामुळे टायमिंग घरातूनच आलेलं म्हणा. लागोपाठ राम राम गंगाराम (1977) बघा. दादांसमोर बाकीचे झाकोळतात, हा माणूस का नाही झाकोळत एवढंच बघत बसा.

मग धूमधडाका (1985). पाइप ओढणारा यदुनाथ जवळकर आणि तो ठसका सगळ्यांना माहितीये, हसून घ्या, पण पिक्चर संपला की परत मागे जा आणि लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) असलेले सीन काढा, आणि लक्ष्या बोलत असताना त्याच्याकडे न बघता मामांकडे बघा. हे जरा कठीण जातं कारण लक्ष्या नजर हलू देत नाही, पण जमलं की कळतं की मामा नुसते ऐकतायत, भुवई, मान, अर्धा सेकंद थांबणं, आणि समोरच्याचा पंच त्यामुळेच बसतोय. माझ्या मते त्यांची खरी कमाई हीच, डायलॉग नंतर. आवाज बंद करून एखादा सीन बघा, तरी हसू येतं.

एवढं झाल्यावरच गंभीर पिक्चरकडे जा, आधी गेलात तर मजा कमी होईल. कळत नकळत (1989) मधला मामा म्हणजे विनोदी पण नाही आणि रडका पण नाही, मोडायला आलेल्या घरात सगळ्यांना धरून ठेवणारा माणूस, आणि त्यातलं नाकावरच्या रागाचं गाणं त्यांनी स्वतः गायलंय. मग चौकट राजा (1991), तिथे दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळं खाऊन टाकतो, बरोबरच आहे, पण गणा झालेले मामा किती मागे राहून काम करतात ते बघा. वजीर (1994) शेवटी. मुरलेला राजकारणी, समोर विक्रम गोखले, आणि एकदाही हसवायचा प्रयत्न नाही.

यूट्यूबवर शोधताना लांबी बघून घ्या, तुकडे जोडलेल्या आणि गाणी कापलेल्या प्रिंट भरपूर आहेत.

हिंदी? करण अर्जुन (1995) मधला मुनीम वगैरे बघितला नाही तरी चालेल, तिकडे त्यांना बहुतेक नोकर नाहीतर हवालदारच मिळाले आणि आपल्याला त्याचा उगाच अभिमान. अपवाद हम पांच ही टीव्ही मालिका, पाच मुली, एक बायको, आणि वर भिंतीवरच्या फोटोतून टोमणे मारणारी पहिली बायको म्हणजे आपल्या प्रिया तेंडुलकर. याचे सगळे भाग नका बघू, पण फोटोशी भांडण असलेला कुठलाही एक लावाच.