शाळेत की ऑनलाइन? साथीच्या काळात शिक्षकांचं खरं मत कसं काढावं

‘शाळा सुरू करायच्या की ऑनलाइनच चालू ठेवायचं?’ मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे प्रमुख) शिक्षकांना बहुधा एवढंच विचारतात, तेही बैठकीत हात वर करायला सांगून. त्यातून हाती काही लागत नाही. पहिलीच्या बाईंना मुलं समोर हवी असतात, कारण पेन्सिल कशी धरली आहे हे फोनवर कळत नाही. पण त्यांच्याच घरी दम्याचे सासरे असतील, तर वर्गात जायची धास्तीही तितकीच खरी असते. ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’, अर्धं मत आतच राहतं.

म्हणून प्रश्न सुटे करा. मुलांचं शिकणं, मुलांपर्यंतची पोहोच, आजाराचा धोका, कामाचा बोजा आणि वर्गात येण्याच्या अटी, असे पाच विषय आणि सगळे मिळून जास्तीत जास्त 12 प्रश्न. दहा मिनिटांत फॉर्म संपला नाही, तर शेवटच्या प्रश्नांना न वाचताच खुणा केल्या जातात.

‘ऑनलाइन’ हा शब्द एकटा वापरू नका. कोविडच्या साथीत, 2020-21 मध्ये, कुठे थेट व्हिडिओ तास होते, कुठे व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय जात होते, कुठे मुलं सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका पाहत होती, तर कुठे गुरुजी वस्तीवर जाऊन ओसरीत पाच-सहा मुलांना शिकवत होते. शेवटचा प्रकार दूरचा म्हणायचा की समोरासमोरचा? प्रत्येक प्रकाराचा पर्याय वेगळा ठेवा आणि मत इयत्तागटानुसार घ्या: 1ली-2री, 3री-5वी, 6वी-8वी, 9वी-10वी.

पोहोचीबद्दल मत नको, आकडा मागा: ‘गेल्या आठवड्यात पटावरच्या किती मुलांशी प्रत्यक्ष बोलणं झालं?’ 32 पैकी 9, असं उत्तर आलं की त्या शिक्षकाचा ऑनलाइनला विरोध का आहे, ते वेगळं विचारावं लागत नाही.

बाकी विधानांना ‘पूर्ण सहमत’ ते ‘अजिबात सहमत नाही’ अशा पाच पायऱ्या द्या. ‘ऑनलाइन शिकवणं सोपं आणि परिणामकारक आहे’ हे विधान चुकीचं आहे, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. अर्धी विधानं शाळेच्या बाजूची, अर्धी ऑनलाइनच्या बाजूची असू द्या. सरसकट ‘सहमत’वर खूण करणारे त्यात ओळखू येतात. आधी चार-पाच जणांकडून फॉर्म भरून घ्या आणि ते कुठे अडखळले ते विचारा.

सगळ्यात मोलाचा प्रश्न अटींचा. ‘कोणत्या सोयी झाल्या तर तुम्ही वर्गात शिकवाल?’ लस, चाचणी, निम्मी मुलं एका दिवशी, हात धुवायला पाणी, आजारी शिक्षकाला रजा. विरोध वाटणारी पुष्कळ उत्तरं इथे अट म्हणून उलगडतात, आणि अट पुरी करता येते.

फॉर्मवर तारीख आणि तेव्हाची परिस्थिती लिहा. 23 नोव्हेंबर 2020 पासून महाराष्ट्रात 9वी ते 12वीचे वर्ग सुरू करायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांना आरटीपीसीआर चाचणी करावी लागत होती आणि लस आलेली नव्हती. 4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडल्या तोवर लसीकरण चालू झालं होतं. या दोन वेळच्या मतांची बेरीज करू नका.

नाव तर मागूच नका. द्विशिक्षकी शाळेत इयत्ता आणि वय विचारलं तरी माणूस ओळखू येतो, म्हणून उत्तरं शाळेची नव्हे, केंद्राची एकत्र मोजा. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा. ‘एकदाच उत्तर’ ही मर्यादाही काढा, कारण तिच्यासाठी लॉगिन करावं लागतं आणि लॉगिन दिसलं की लोक जपून लिहितात. रेंज नसलेल्या गावांसाठी कागद आणि बंद पेटी. पेटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको.

पाच दिवसांची मुदत द्या. उत्तरं कमी आली तर साथीच्या ड्युटीवर कोण आहे ते पाहा; कोविडमध्ये शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाची किंवा तपासणी नाक्याची ड्युटी होती. ज्यांनी धोका सर्वांत जवळून पाहिला तेच गळाले, तर निकाल एका बाजूला झुकतो. त्यांना वेगळा वेळ द्या.

मोजताना दहाहून कमी जणांच्या गटाची टक्केवारी काढू नका. ‘7 पैकी 4’ असं लिहा. निकाल आठवड्याभरात शिक्षकांपुढे ठेवा, आणि कोणती अट पुरी होणार, कोणती नाही आणि का, हे त्याच कागदावर लिहा. त्याशिवाय पुढच्या वेळी कुणी मनातलं लिहिणार नाही.