सुट्टीत विद्यापीठाचं मीटर पळू नये म्हणून

हिवाळी सुट्टीला गावी निघताना दिवे-पंखे सगळेच बंद करतात. शिवाजी विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात खरी वीज खातात ते वसतिगृहातले गिझर आणि वॉटर कूलर. कुणी वापरत नसलं तरी पाण्याचं तापमान टिकवायला थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज ओढतो. (कोल्हापूरच्या डिसेंबरात गार पाणी पितं तरी कोण!) दोन्ही भिंतीवरच्या बटणावरूनच बंद करा, कूलरची टाकीही रिकामी करा. संगणक-प्रिंटर 'स्टँडबाय'वर नकोत. १० वॅटचं उपकरण १५ दिवसांत ३.६ युनिट खातं. प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीझरला मात्र हात लावू नका. उत्साहात मेन स्विच पाडलात, तर कुणाची तरी पीएचडी वितळायची. त्याच्या बटणावर 'बंद करू नये' अशी ठळक चिठ्ठी चिकटवा.