ऑफिसबाहेरचा लॅपटॉप: ओळख पटवायची कशी आणि हरवला तर नेटवर्कपासून तोडायचा कसा

सखल भागात पाणी तुंबलं की फोर्टमधलं सीएचं ऑफिस काय, अंधेरी एमआयडीसीतलं पंधरा माणसांचं युनिट काय, सगळे घरून काम करतात. टॅली आणि फाइल सर्व्हर ऑफिसात, लॅपटॉप डोंबिवलीत नाहीतर विरारला. अशा वेळी घाईघाईत राउटरवर ३३८९ हा पोर्ट (बाहेरून आत येण्याचं क्रमांकाचं दार) उघडून रिमोट डेस्कटॉप (दुरून ऑफिसचा संगणक वापरण्याची विंडोजची सोय) थेट इंटरनेटवर ठेवला जातो. तुमच्याकडे तसं असेल तर बाकीचं पुढे वाचण्याआधी तो पोर्ट बंद करा. तिथे पासवर्ड चालवून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. शिवाय २०१९ साली उघड झालेल्या ब्लूकीप त्रुटीमुळे विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ मध्ये पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदलूनही उपयोग नाही, शोधणारे सगळेच पोर्ट तपासतात.

पासवर्ड फार तर माणसाची ओळख देतो. तो सायबर कॅफेतून टाइप झाला की ऑफिसच्या लॅपटॉपवरून, हे सर्व्हरला कळत नाही. म्हणून यंत्राची ओळख वेगळी आणि माणसाची वेगळी तपासायची.

आधी लॅपटॉप

डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) नसेल तर चोर ती काढून दुसऱ्या मशीनला लावतो आणि विंडोजचा पासवर्ड निरुपयोगी ठरतो. विंडोज प्रोवर बिटलॉकर ही डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय चालू करा. होम आवृत्तीत बऱ्याच मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळतं, पण तिथे रिकव्हरी की (डिस्क अडली तर ती उघडणारा आकडा) साधारणपणे कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. तो नोकरी सोडून गेला की तीही गेली. ही ४८ अंकी की ऑफिसच्या ताब्यात हवी, लॅपटॉपच्या बॅगेत चिठ्ठीवर अजिबात नको. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, नाहीतर मशीन सुरू होताना ती की मागेल आणि नेमका माणूस तेव्हा घरी असेल.

गर्दीच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी: मशीन सुरू होतानाच मागितला जाणारा पिन लावा, आणि झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट ठेवा. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीत तशीच राहते. रोजच्या कामाचं खातं ॲडमिन नसावं.

ऑफिसचं दार: वायरगार्ड

छोट्या ऑफिसला वायरगार्ड पुरतं. हे व्हीपीएन आहे, म्हणजे घरचा लॅपटॉप आणि ऑफिस यांच्यातला एन्क्रिप्ट केलेला बोगदा. एक साधं लिनक्स मशीन, किंवा राउटरओएस ७ चालणारा मायक्रोटिक राउटर घ्या. फक्त यूडीपी ५१८२० हा एक पोर्ट उघडा. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून तपासल्यावर काहीच दिसलं नाही तरी तो बिघाड समजू नका.

वायरगार्डच्या किल्ल्यांची (ओळख पटवणाऱ्या लांब कोडची) जोडी त्या त्या लॅपटॉपवरच तयार करा. खासगी किल्ली तिथून हलत नाही. सर्व्हरवर जाते ती ४४ अक्षरांची सार्वजनिक किल्ली. एकच कॉन्फिग फाइल बनवून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणं ही सर्रास होणारी आणि सर्वात महागात पडणारी चूक. एक तर दोन मशीन एकाच किल्लीने जोडली की सर्व्हर कधी याला, कधी त्याला उत्तर देतो आणि दोघांचंही कनेक्शन सतत तुटतं. दुसरं म्हणजे एक लॅपटॉप हरवला की सगळ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. प्रत्येक मशीनला स्वतंत्र ‘/३२’ (फक्त त्या एका मशीनचा) पत्ता द्या आणि तो, सीरियल नंबर, वापरणाऱ्याचं नाव, सार्वजनिक किल्ली असं एका शीटमध्ये नोंदवा. मग फायरवॉलवर अकाउंट्सच्या मशीनला टॅली, डिझाइनवाल्यांना फाइल सर्व्हर, एवढंच खुलं ठेवा.

जोडणी झाली तरी काम अडतं, ते बहुधा या कारणांनी:

- घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असतं. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, सर्व्हर उघडत नाही. ऑफिसचं नेटवर्क १०.४७.२०.० सारखं वेगळं करा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.
- राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, बाहेरून आत येता येणार नाही. ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर मध्ये ठेवा.
- पिंग (पोच तपासणारा छोटा संदेश) जातं, मोठी फाइल अडकते. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करून पाहा.
- थोडा वेळ शांत राहिलं की ऑफिसकडून लॅपटॉपपर्यंत काही पोचत नाही. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवा.
- लॅपटॉपचं घड्याळ मागे गेलं असेल तर सर्व्हर त्याची जोडणी जुनी समजून नाकारतो. मदरबोर्डवरची बॅटरी तपासा.

माणसाची ओळख

वायरगार्ड यंत्र ओळखतं. समोर कोण बसलंय ते नाही. म्हणून मेल, क्लाउड बॅकअप आणि ॲडमिन खात्यांवर दुसरा पुरावा लावा. एसएमएस ओटीपी शक्यतो टाळा, कारण सिम स्वॅप झालं (तुमच्या नंबरचं नवं सिम चोराने काढलं) की तो चोराच्या हातात जातो. ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड बरा. पण खोट्या पानावर तोही टाइप केला जातोच. मालक आणि ॲडमिन यांच्यासाठी फायडो२ सिक्युरिटी की (लॉगिनसाठी मशीनला लावायची छोटी वस्तू) घ्या, प्रत्येकाला दोन: एक वापरात, एक कपाटात. ती वेबसाइटचा पत्ता स्वतः तपासते, खोट्या पानाला उत्तर देत नाही.

लॅपटॉप हरवला तर

फोन आल्याबरोबर सर्व्हरवरून त्या मशीनचा पीअर (वायरगार्डमधली त्याची नोंद) काढा. फाइलमधली ओळ पुसून थांबू नका; कॉन्फिग पुन्हा लोड होईपर्यंत जुनी किल्ली चालूच असते. मग माणसाचा पासवर्ड बदला आणि मेलची सगळी चालू सेशन्स बंद करा, नुसत्या पासवर्ड बदलाने ती नेहमी तुटतातच असं नाही. लोकलमध्ये चोरी झाली असेल तर तक्रार रेल्वे पोलिसांकडे, शीटमधल्या सीरियल नंबरसह. त्या मशीनवरून कुणी आत शिरल्याचं दिसलं, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कळल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवसांचे जपलेले हवेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. नव्या लॅपटॉपवर किल्ली नवीनच बनवा, आणि जुना परत मिळाला तरी डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय जोडू नका.