ट्रॉलीचं कॅस्टर बदलताना कोणतं माप घ्यायचं

चाक मोडलं की बहुतेक जण व्यास तेवढा मोजतात, '१५० मिमीचं द्या' म्हणतात आणि घेऊन येतात. बसवल्यावर ट्रॉली एका कोपऱ्यावर डुगडुगते. जुळायला हवी होती ती एकूण उंची, म्हणजे जमिनीपासून ट्रॉलीच्या तळाला बसणाऱ्या प्लेटच्या वरच्या बाजूपर्यंतचं अंतर. व्यास तोच असला तरी चाक धरणारा फोर्क उंच किंवा ठेंगणा असला की ही उंची बदलते. म्हणून आधी एकूण उंची घ्या, व्यास नंतर.

कॅस्टर म्हणजे अख्खा संच: चाक, त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क आणि वरची प्लेट किंवा स्टेम (प्लेटऐवजी असलेला उभा दांडा). फिक्स कॅस्टर फक्त सरळ जातं. स्विव्हलमध्ये प्लेट आणि फोर्क यांच्यामध्ये छर्रे असतात, म्हणून ते गोल फिरतं. बहुतेक स्विव्हल कॅस्टरमध्ये मधोमध किंगपिन, म्हणजे फोर्क ज्याभोवती फिरतो तो उभा खिळा असतो. एक्सल (चाकाचा आस) या किंगपिनच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला असतो. हे आडवं अंतर म्हणजे ऑफसेट, आणि त्याच्यामुळेच ट्रॉली ढकलली की चाक आपोआप दिशा पकडतं. चाकाची त्रिज्या ७५ आणि ऑफसेट ४५ मिमी असेल, तर फिरायला किंगपिनपासून चहूबाजूंना १२० मिमी मोकळी जागा लागते. तेवढ्यात चौकटीचा एखादा बोल्ट आला तरी चाक वळताना अडकतं.

प्लेटची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. मध्य नेमका सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं एकाच मापाची असली की उत्तर तेच येतं. लांबी आणि रुंदी, दोन्ही दिशांनी मोजा.

फोर्क चांगला असेल आणि नुसतं चाक बदलायचं असेल, तर व्यासासोबत हबची, म्हणजे एक्सल जातो त्या चाकाच्या मधल्या भागाची लांबी आणि एक्सलच्या भोकाचा व्यास द्या. धावेची (चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाची) रुंदी म्हणजे हबची लांबी नव्हे; हब सहसा धावेपेक्षा थोडा लांब असतो. ही गल्लत फार होते.

भार काढताना ट्रॉलीचं स्वतःचं वजन विसरू नका. ६० किलोची ट्रॉली आणि ६०० किलो माल मिळून ६६० झाले. चार चाकं असली तरी ३ नेच भागा, कारण खाचखळग्याच्या जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं. म्हणजे प्रत्येक कॅस्टर किमान २२० किलोचं हवं.

नायलॉन कडक असतं, हलकं ढकललं जातं, पण आवाज करतं. रबर शांत असतं, मात्र भरलेली ट्रॉली दिवसेंदिवस एका जागी उभी राहिली की धाव तिथेच चपटी होते. पॉलियुरेथेन या दोन्हींच्या मधलं. भार किंवा उष्णता झेपेनाशी झाली की त्याची धाव गाभ्यापासून सुटते.

ब्रेक मागताना कोणता ते सांगा. साधा ब्रेक चाक थांबवतो, फोर्क मात्र फिरतच राहतो. दोन्ही जखडायचे असतील तर टोटल लॉक मागा.