लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी: मुदत आणि न्यायालय यांची तयारी

लवादाचा, म्हणजे पक्षांनी वाद सोडवण्यासाठी नेमलेल्या त्रयस्थाचा, निवाडा विरोधात गेला की त्याचे कुठे चुकले याचीच चर्चा आधी सुरू होते. पण लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करण्यासाठी अर्ज करायचा असेल, तर आव्हानाच्या कारणांकडे वळण्यापूर्वी शेवटची तारीख आणि योग्य न्यायालय या दोन बाबी लेखी निश्चित करून घ्याव्यात.

तारखेसाठी निवाड्याची सही असलेली प्रत कधी आणि कोणाच्या हाती पडली, याचा पुरावा प्रथम जपून ठेवावा. पाकीट, पोचपावती आणि आवक नोंदवहीतील नोंद फाइलला लावावी. मुदत निवाड्याच्या तारखेपासून सुरू होत नाही, तसेच विरुद्ध पक्षाने दिलेल्या झेरॉक्सवरूनही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मोठ्या कार्यालयांत तर प्रत कोणी घेतली यालाही महत्त्व असते. कलम ३३ खाली दुरुस्तीची विनंती केलेली असल्यास ती निकाली निघाल्याच्या दिवसापासून मोजावे.

मुदत तीन महिन्यांची आहे, नव्वद दिवसांची नाही. १२ नोव्हेंबरला प्रत मिळाली असेल तर तीन महिने १२ फेब्रुवारीला संपतात. नव्वद दिवस मोजणारा १० फेब्रुवारीलाच थांबेल. त्यापुढचे ३० दिवस न्यायालय पुरेसे कारण पटले तरच देते, आणि त्यानंतर एक दिवसही देऊ शकत नाही, कारण कायद्याचे शब्दच तसे आहेत आणि उशीर माफ करण्याची तरतूद असलेले मुदत अधिनियमाचे कलम ५ येथे लागू होत नाही. त्यामुळे हे ३० दिवस आपल्या हिशेबात धरूच नयेत. सुट्यांबाबत तर विशेष सावध राहावे : आसाम अर्बन वॉटर सप्लाय प्रकरणात निवाडा २६ ऑगस्ट २००३ रोजी मिळाला, वाढीव ३० दिवस नाताळच्या सुटीत संपले आणि न्यायालय उघडताच २ जानेवारी २००४ रोजी केलेला अर्जही मुदतबाह्य ठरला, कारण मुदत सुटीत संपल्यास न्यायालय उघडण्याच्या दिवशी अर्ज करण्याची सवलत मूळ तीन महिन्यांपुरतीच असते.

न्यायालय ठरवताना करारातील लवादाचे कलम पुन्हा शब्दशः वाचावे आणि लवादाचे अधिष्ठान, म्हणजे कायदेशीर स्थान, कोणते ते पाहावे. सुनावण्या सोयीसाठी दुसऱ्या शहरात झाल्या असल्या तरी त्याने फरक पडत नाही. देशांतर्गत लवादात सर्वसाधारणपणे जिल्ह्याचे प्रमुख दिवाणी न्यायालय, किंवा मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र असलेले उच्च न्यायालय, आणि आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक लवादात उच्च न्यायालय, अशी विभागणी आहे. वाद वाणिज्यिक असून त्याचे मूल्य तीन लाख रुपये किंवा अधिक असेल तर वाणिज्यिक न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचा वाणिज्यिक विभाग कोणता, हेही तपासावे. याआधी कलम ९ खाली अंतरिम आदेशासाठी कोणी सक्षम न्यायालयात गेले असेल, तर कलम ४२ प्रमाणे पुढचा अर्जही तेथेच करावा लागतो. म्हणून जुन्या अर्जांच्या प्रती मागवून घ्याव्यात. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे गेलेला वेळ मुदत अधिनियमाच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो, पण तत्परता सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावरच येते.

अर्जासोबत सही केलेले शपथपत्र, वकीलपत्र, निवाडा आणि कराराची प्रत, तसेच लवादापुढील कागदपत्रे जोडावीत, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कारणे त्या अभिलेखावरूनच सिद्ध करावी लागतात. विरुद्ध पक्षाला आधी नोटीस द्यावी आणि ती दिल्याचे आपले शपथपत्रही लावावे.

शेवटी, अर्ज दाखल झाला म्हणून निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. विरुद्ध पक्ष दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावू शकतो. म्हणून कलम ३६ खालील स्थगितीचा स्वतंत्र अर्ज त्याच दिवशी तयार असावा, आणि निवाडा पैशांचा असल्यास अनामत रकमेची किंवा बँक हमीची तजवीज आधीच करावी. निवाडा सूक्ष्म वा लघु उद्योगाच्या थकबाकीचा, त्या उद्योगांच्या २००६ च्या अधिनियमाखालचा असेल, तर खरेदीदाराने त्यातील ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय त्याचा आव्हानाचा अर्ज विचारात घेतला जात नाही.