घरी ॲम्प्लिफायर बनवताय? पॉवर सप्लाय घेताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की आमच्या सांगली-मिरजेकडं बरीच पोरं ॲम्प्लिफायर बनवायला बसतात. बोर्ड ऑनलाइन मागवलेला, स्पीकर जुन्या होम थिएटरचे, आणि सप्लाय म्हणजे घरात पडलेला कुठलातरी ट्रान्सफॉर्मर. मग आयसी (बोर्डावरची आवाज वाढवणारी चिप) उडाला, घूं आवाज येतोय, बास आला की फाटतंय, आणि शिव्या बसतात बोर्डाला. बोर्ड बिचारा बऱ्याचदा चांगला असतो. माझं स्पष्ट मत आहे की बोर्डाची ऑर्डर टाकायच्या आधीच सप्लायचा हिशोब कागदावर झाला पाहिजे, आणि बजेट कमी असेल तर ब्लूटूथ-डिस्प्लेवाला बोर्ड सोडा पण ट्रान्सफॉर्मरमध्ये काटकसर करू नका.

सगळ्यात जास्त आयसी जातात ते ट्रान्सफॉर्मरवर १२ लिहिलंय म्हणजे १२ च मिळणार असं धरल्यामुळं. ते १२ व्होल्ट एसी आहेत. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कॅपॅसिटर लागला की डीसी होतो साधारण १.४ पट, म्हणजे १७ च्या आसपास, त्यातनं डायोडचा एखादा व्होल्ट वजा करा. त्यात परत तो १२ चा आकडा फुल लोडचा असतो, लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा टक्के जास्तच देतो. आणि लाइन कुठं २३० वर गप बसते, रात्री उशिरा लोड उतरला की मीटरवर २५० पण दिसतात. हे सगळं एकत्र धरलं तर १२-०-१२ वर (मधली तार ० ची, कडेच्या दोन तारांवर १२-१२ व्होल्ट) प्लस-मायनस १९ च्या पुढं जाऊ शकतंय, आणि साध्या टीडीए २०३० या ॲम्प्लिफायर आयसीची कमाल मर्यादा आहे प्लस-मायनस १८. म्हणून संध्याकाळी झकास वाजलेला बोर्ड रात्री आवाज बारीक असताना पण जातो आणि कारण कळत नाही. २०३० ला ९-०-९ लावा, पॉवर थोडी कमी मिळेल पण बोर्ड टिकेल. १२-०-१२ च वापरायचा असेल तर २०३० ए घ्या, त्याची मर्यादा २२ आहे, फक्त तो ओरिजिनल मिळाला पाहिजे.

एलए ४४४० आयसीवाल्यांची गडबड वेगळी असते. हा सिंगल सप्लायचा आयसी, १३ व्होल्टवर मस्त चालतो, १८ च्या वर न्यायचाच नाही. पण १२-०-१२ च्या कडेच्या दोन तारा ब्रिजला जोडून मधली तार मोकळी सोडली की ते २४ एसी होतात, डीसी ३३ च्या घरात, आणि आयसी तिथंच संपतो. मधली तार ग्राउंडला घ्या, कडेच्या दोन तारांना एकेक डायोड लावून दोन्ही पुढं एकत्र करा, आणि इथं पण ९-०-९ च बरा.

मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांचा त्रास उलटा, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पार खाली येतं. ते बघून काहीजण मुद्दाम मोठ्या व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतात. असं करू नका. व्होल्टेज कमी असलं तर आवाज लवकर फाटेल एवढंच, पण रात्री मोटारी बंद झाल्यावर तोच सप्लाय आयसी खाईल. निवड कायम जास्तीत जास्त व्होल्टेज धरून करायची.

आता अँपिअर. ५ अँपिअरचा लावला तर बोर्ड जळेल का असं बरेच विचारतात. नाही जळणार, बोर्ड त्याला हवा तेवढाच करंट ओढतो, जळतंय ते जास्त व्होल्टनं. खरी अडचण अँपिअर कमी पडण्याची आहे. या क्लास एबी आयसी खऱ्या वापरात साधारण ६० टक्केच पॉवर स्पीकरला देतात, बाकीची हीटसिंकवर जाते, म्हणजे दोन चॅनेलचे मिळून ३० वॅट हवे तर सप्लायकडनं ५० वॅट, आणि थोडी जागा ठेवून ६० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर. १२-०-१२ मध्ये म्हणाल तर २४ गुणिले अडीच अँपिअर. (जुन्या डेकवरचे पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेले हजार वॅट या हिशोबात धरू नका.) स्टिकरवर ५ अँपिअर छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर हातात उचलून बघा. खरा ५ अँपिअरचा १२-०-१२ म्हणजे १२० व्हीए, तो दीड-दोन किलोला असतो. अर्धा किलोचा असेल तर परत ठेवा. वाइंडिंग तांब्याचं आहे का ॲल्युमिनियमचं ते पण विचारा, आणि ओळखीचा वाइंडिंगवाला असेल तर त्याच्याकडनं करून घेणं सगळ्यात चांगलं.

डायोडचं थोडक्यात, ४००७ हा १ अँपिअरचा आहे, तो इथं नको, ६ अँपिअरचे डायोड किंवा ३५१० चा ब्रिज घ्या.

कॅपॅसिटरचा हिशोब मात्र करून बघाच. ५० हर्ट्झची लाइन फुल वेव्ह रेक्टिफाय केली की कॅपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो. ४७०० मायक्रोफॅरडवर २ अँपिअर ओढले तर दोन भरण्यांच्या मधल्या वेळात व्होल्टेज चारेक व्होल्टनं खाली येतं, १०००० वर दोनच्या आसपास. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावल्यावर ठोक्याला आवाज बसतो तो बऱ्याचदा यामुळं. १७ व्होल्टच्या रेलवर (सप्लायच्या डीसी लाइनवर) २५ चा कॅपॅसिटर चालतो, ३५ चा घेतला तर निवांत.

गुणगुण येत असेल तर कॅपॅसिटर वाढवत बसायच्या आधी इनपुट ग्राउंडला शॉर्ट करून बघा. गुणगुण गेली तर दोष इनपुटच्या वायरचा नाहीतर ग्राउंड लूपचा (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याचा), सप्लायचा नाही. तशीच राहिली तर बोर्डाचं ग्राउंड कुठनं घेतलंय ते बघा, ते ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेवरनं न घेता दोन मोठ्या कॅपॅसिटरच्या जोडावरनं घ्या. मधल्या तारेत चार्जिंगचे झटके असतात, ते आवाजात उतरतात. ट्रान्सफॉर्मर इनपुट आणि व्हॉल्यूमपासनं लांब ठेवा. आणि गुणगुण जाते म्हणून तीन पिनातली अर्थिंग कुणीही काढू नका, धातूच्या डब्यात २३० आला तर जीव जाईल.

टीपीए ३११६ सारखा क्लास डी बोर्ड असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या नादाला लागू नका, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावा, त्या आयसीला २६ पर्यंत चालतात. २४ चा सप्लाय काठावर येतो म्हणून मी सांगत नाही. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरवाला लावून आवाज वाढवला की बंद-चालू व्हायला लागतो, ते त्याचं ओव्हरलोड प्रोटेक्शन असतं.

पहिल्यांदा चालू करताना थेट लाइनवर नको. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला १ अँपिअरचा स्लो ब्लो (क्षणभराच्या झटक्याला न उडणारा) फ्यूज टाका, आणि सिरीजमध्ये ६० नाहीतर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर प्लग काढा, ब्रिज किंवा कॅपॅसिटर उलटा लागलाय का बघा. ठीक असेल तर बोर्ड न जोडता मीटरनं दोन्ही रेल मोजा, सारख्या आहेत का आणि आयसीच्या मर्यादेत आहेत का. मग प्लग काढून कॅपॅसिटर १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरनं रिकामे करा, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून नको, आणि बोर्ड जोडून परत बल्बवरच चालू करा. ड्युअल सप्लायचा बोर्ड असेल तर आउटपुटवर डीसी मोजा. शंभरेक मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा.